जात्यापाशी बसल्याशिवाय

मावळातल्या एखाद्या आजीला ओसरीवर बसवून "एखादी ओवी म्हणा की" असं सांगून बघा. ती हसते, पदराचं टोक तोंडाशी नेते आणि म्हणते, "आता कुठं आठवतंय!" तिला खरोखरच आठवत नसतं. मग कुणीतरी कोपऱ्यातलं जातं ओढून तिच्या पुढ्यात ठेवतं. सुपात मूठ-दोन मूठ तांदूळ येतात. आजी एक पाय लांब करून, दुसरा दुमडून बसते आणि खुंटा धरते. पहिले दोन-चार फेरे कोरडेच जातात. मग गळ्यातून हुंकारासारखा सूर निघतो आणि त्या सुरावर बसून ओवी येते. तिच्यामागून दुसरी, दुसरीमागून तिसरी. शेजारची बाई समोर येऊन बसते, खुंट्यावर तिचाही हात पडतो, आणि मघाशी आठवत नाही म्हणणाऱ्या आजीला आता थांबवावं लागतं.

जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हण आपण कुठल्याही कामाच्या बाबतीत वापरतो. हात घातला की वाट सापडते, एवढाच तिचा अर्थ आपण धरतो. मला ती शब्दशः खरी वाटते. भाषा डोक्यात साठवलेली असते आणि वाटेल तेव्हा बाहेर काढता येते, असं आपण समजून चालतो. पण ओवी राहते कुठे? थोडी आजीच्या डोक्यात, थोडी तिच्या दंडाच्या हालचालीत, थोडी दगडाच्या घरघरीत, आणि थोडी समोर बसलेल्या बाईत. यातलं एक काढून घेतलं की ओवी उभी राहत नाही. माणसाची भाषा अशी तिच्या जागेवर, तिच्या कामात, तिच्या माणसांत बसून समजून घ्यायची, या अभ्यासाला भाषिक मानवशास्त्र म्हणतात. या प्रकरणात आपण तो अभ्यास मावळात बसून करणार आहोत.

जात्यावरच्या ओव्यांचा फार मोठा संग्रह पुणे जिल्ह्यातल्या याच डोंगरी पट्ट्यातून सुरू झाला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ हे दोघे १९८० च्या दशकात इथल्या गरीब, कष्टकरी लोकांच्या संघटनेचं काम करत होते. पॉइतवाँ जन्माने फ्रेंच, पण त्यांनी इथलं नागरिकत्व घेतलं आणि पुण्यातच घर केलं. डोंगरातल्या बायांशी बोलताना त्यांच्या लक्षात आलं की सभेत गप्प बसणाऱ्या बाया जात्यावर मात्र पुष्कळ बोलतात. तिथून ओव्या उतरवून घ्यायचं काम सुरू झालं. त्यातल्या मोठ्या भागाला गावोगावच्या बायांचाच हात लागला. मुळशी, मावळ आणि पुढे महाराष्ट्रभरच्या गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. कुठलं गाव, गाणारी कोण, ओवीचा विषय काय, हे प्रत्येक ओवीपाशी नोंदलं गेलं. बेर्नार बेल या संगणक आणि संगीताच्या अभ्यासकाने पुढे ध्वनिमुद्रणाची बाजू उचलली. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने या ओव्या लोकांपुढे आणायला सुरुवात केली. आजचा मुळशी तालुका जुन्या बारा मावळांतच मोडतो, तेव्हा हे सगळं मावळखोऱ्यांचंच धन आहे.

या संग्रहात सीतेचा वनवास आहे, पंढरीची वाट आहे, माहेर आहे, भाऊ आहे, बाबासाहेब आंबेडकर आहेत. विषयांची यादी मोठी आहे. पण मानवशास्त्राच्या डोळ्याने पाहणारा माणूस आधी वेगळीच गोष्ट विचारतो: हे कोण कुणाला सांगतंय? ओवीतली 'मी' ही ओवी रचणारी बाई असेलच असं नाही. ओवी एकीची दुसरीकडे जाते, आणि दुसरी तीत आपल्या भावाचं नाव, आपल्या लेकाचं नाव, आपल्या गावाचं नाव घालून ती आपली करते. ज्याला सांगायचं तो समोर नसतोच. आई दूर माहेरी, भाऊ त्याच्या गावी, विठू पंढरीत. समोर आहे ती जाऊ, आणि भिंतीपलीकडे झोपलेली सासू. सून पहाटेच्या अंधारात आपलं दुःख दगडाला सांगते. सासूच्या कानावर ते पडतं. पण सकाळी उठून "तू मला असं का बोललीस" असं सासू विचारू शकत नाही, कारण सून बोललीच नव्हती. तिने ओवी म्हटली होती.

इजिप्तच्या वाळवंटात अवलाद अली नावाच्या बदाऊनी टोळ्या आहेत. लीला अबू-लुघोद या अभ्यासिकेने त्यांच्यात राहून १९८६ साली एक पुस्तक प्रसिद्ध केलं. चारचौघांत जे लोक विरह, ओढ, दुःख यांचा उच्चारही कमीपणाचा मानतात, तेच लोक दोन ओळींच्या गिन्नावा नावाच्या गाण्यांत ते सगळं बोलून टाकतात, आणि त्याबद्दल त्यांना कुणी नाव ठेवत नाही. वाळवंटातली ही रीत आणि सह्याद्रीतली ओवी यांचा एकमेकींशी कसलाही संबंध नाही. तरी दोन्हीकडे माणसांनी एकच सोय करून ठेवली आहे. साध्या बोलण्यात जे सांगता येत नाही, त्याला बांधून दिलेल्या चालीत वाट मिळते.

मावळातल्या बाईला नवऱ्याचं नाव घेता येत नसे. आजही जुन्या बाया घेत नाहीत. 'आमचे हे', 'घरधनी', नाहीतर थोरल्या लेकाचं नाव घेऊन 'त्याचे वडील'. पण लग्नात, उंबरठ्यावर, हळदीकुंकवाला तिला 'नाव घे' असा आग्रह होतो, आणि ती उखाण्यात ते घेते. यमक जुळलं की नाव तोंडातून निघायला मोकळं होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि खोसा लोकांत सुनेने सासऱ्याच्या नावातली अक्षरंसुद्धा दुसऱ्या शब्दांत उच्चारायची नाहीत अशी रीत होती. त्यामुळे बायकांच्या बोलण्यात कितीतरी वेगळे शब्द तयार झाले. त्या रीतीला ह्लोनिफा म्हणतात. नाव घेतल्याने काहीतरी घडतं, हा विश्वास जगभर आहे आणि आपल्याकडे तो रोजच्या बोलण्यात मुरलेला आहे. रात्री सापाला साप म्हणायचं नाही, 'लांबडं' म्हणायचं, नाहीतर 'जनावर'. घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. बांगडी फुटली असं न म्हणता 'वाढवली' म्हणायचं, नारळही 'वाढवायचा'. याला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी मी सहमत नाही. बोललेला शब्द ही एक कृती असते, हे तत्त्वज्ञांनी विसाव्या शतकात सांगितलं. माझ्या आजीला ते शाळेत न जाता ठाऊक होतं.

आता जातं सोडून खाचरात उतरू.

लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पूर्वेला वडगाव-तळेगावकडे सरकाल तसतसा तो झपाट्याने उतरतो. आंदर, नाणे आणि पवन या तिन्ही मावळांतलं मुख्य पीक भात. इंद्रायणी हा तांदूळ आज महाराष्ट्रभर नावाजलेला आहे. तो वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडला. त्याच्या आधीपासून इथला आंबेमोहोर प्रसिद्ध होताच. भातामुळे इथल्या भाषेत एक अख्खी शब्दांची शेती उभी आहे. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेणी, काटक्या पसरून जमीन भाजायची, तो राब. राबावर पेरून रोप तयार करायचं. पाऊस धरला की खाचरात चिखलणी. मग रोप उपटून मुठी बांधायच्या आणि आवणी, म्हणजे लावणी, करायची. एका घराच्या बळावर आवणी उरकत नाही, म्हणून इर्जिक: आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. मजुरी नाही, जेवण मात्र त्या घरचं.

यातल्या एका शब्दापाशी जरा थांबतो. इरलं. शब्दकोश सांगेल, पावसापासून बचावासाठी डोक्यावरून घ्यायचं पानांचं आच्छादन. हे बरोबर आहे, पण यात छत्री आणि इरलं यांतला फरक हरवतो. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानं घट्ट बसवलेली. डोक्यावरून सुरू होऊन ते पाठीवरून खाली कमरेपर्यंत उतरतं. उभ्या माणसाला त्याचा फारसा उपयोग नाही. छाती, पोट सगळं भिजतं. पण इरलं घेतलेली बाई कमरेत वाकली, की तिची पाठ आडवी होते आणि तिच्यावर एक छप्पर तयार होतं. दोन्ही हात मोकळे. डावा हात रोपाची मूठ धरतो, उजवा चिखलात रोप खोचतो. इरलं हा शब्द आवणीला वाकलेल्या शरीराच्या मापाचा आहे. ते शरीर डोळ्यांपुढे न आणता तो शब्द कळत नाही. आता पानांची जागा प्लास्टिकच्या कागदाने घेतली आहे. कित्येक गावांत त्या कागदालाही इरलंच म्हणतात, कारण वाकणं तेच राहिलं आहे.

ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की हा पोलिश अभ्यासक पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहिला. तिथल्या लोकांच्या कंदांच्या बागांवर त्याने १९३५ साली दोन खंडांचा ग्रंथ लिहिला, आणि त्यातला एक खंड जवळजवळ सगळा बागेच्या भाषेलाच दिला. त्याचा अनुभव असा की, बेटावरचा एखादा शब्द इंग्रजीत आणायला गेलं की दोन पानं बागेचं वर्णन करावं लागतं. शब्दाचा अर्थ प्रसंगात असतो, हे त्याने १९२३ सालीच मांडलं होतं. त्याच लेखात त्याने आणखी एक साधी गोष्ट सांगितली. माणसं पुष्कळदा काहीही कळवण्यासाठी बोलत नाहीत, केवळ आपण एकमेकांचे आहोत हे राखण्यासाठी बोलतात. बांधावरून जाणारा माणूस खाचरातल्याला विचारतो, "काय, लावणी चालली का?" लावणी चाललेली त्याला डोळ्यांनी दिसत असते. खाचरातला म्हणतो, "चाललीया. जेवलात का?" दोघांनाही उत्तराची गरज नाही. पण उद्या यातला एक जण न विचारता नुसता निघून गेला, तर दुपारपर्यंत गावात चर्चा होते की दोघांचं काहीतरी बिनसलंय.

पावसाच्या शब्दांबद्दल सावध राहायला हवं. एस्किमोंच्या भाषेत बर्फाला शेकडो शब्द आहेत, असं आपण कुठेतरी वाचलेलं असतं. फ्रान्झ बोआस या मानवशास्त्राच्या पितामहाने १९११ साली चार मूळ शब्दांचं उदाहरण दिलं होतं. पुढे सांगणाऱ्यांनी तो आकडा फुगवत नेला. मावळातही झड, सर, रिपरिप, भुरभुर, पागोळी असे शब्द मोजत बसलो तर हाती फारसं लागणार नाही. त्यापेक्षा 'उघडीप' या एका शब्दाकडे बघा. उघडीप म्हणजे पाऊस नसणं, पण उन्हाळ्यातल्या कोरड्या दिवसाला कुणी उघडीप म्हणत नाही. दोन पावसांच्या मधली, कामाला सापडलेली फट म्हणजे उघडीप. तेवढ्यात वाळवण पसरायचं, गवत आणायचं, कौलं शाकारायची. भाषेने इथे हवामानाला नाव दिलेलं नाही, त्या हवामानात माणसाला जे करता येतं त्याला दिलं आहे.

हे सगळं मनात ठेवून भारतातल्या भाषांच्या पहिल्या मोठ्या मोजणीकडे पाहावं. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी केलेल्या सर्वेक्षणाचा मराठीविषयीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. ते अफाट काम होतं आणि त्याचं ऋण मराठीने मानलंच पाहिजे. सह्याद्रीतल्या कातकऱ्यांच्या बोलीचा नमुनाही त्या खंडात आहे. पण नमुना गोळा करायची रीत अशी: बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक बोलीत सांगून घ्यायची. सगळ्या बोलींची तुलना करायला ती सोयीची होती. त्या गोष्टीत बापाच्या मालमत्तेची वाटणी आहे, चाकर आहेत, बोटातली अंगठी आहे, मेजवानीसाठी पोसलेलं वासरू आहे. काताच्या भट्ट्यांवर राबलेल्या, रानातले कंद, नदीतले खेकडे, मासे यांवर जगलेल्या कातकऱ्याने ही गोष्ट आपल्या बोलीत सांगितली, तेव्हा व्याकरण कागदावर आलं. त्याच्या जगण्याचे शब्द मात्र आले नाहीत, कारण ते त्याला कुणी विचारलेच नव्हते. आज डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून मराठीच्या बोलींचं नवं सर्वेक्षण हाती घेतलं आहे. त्यात लोक स्वतःच्या गोष्टी स्वतःच्या तोंडाने सांगतात आणि त्या ध्वनिमुद्रित होतात. त्या आवाजांत माणूस ऐकू येतो.

मावळात भाषेच्या अभ्यासकाला दोन हजार वर्षांचा दगडी पुरावाही हाताशी आहे. कार्ल्याच्या लेण्यांतले ब्राह्मी लेख प्राकृतात आहेत. त्यांत दान देणारे लोक आपापली ओळख सांगतात: कुणी वैजयंतीचा श्रेष्ठी, कुणी धेनुकाकटचा यवन. त्या यवनांची नावं वाचली की लक्षात येतं, ग्रीक मुळाच्या माणसांनी इथली नावं आणि इथली भाषा घेतली होती. लेण्यांच्या डोंगराचं नाव तिथे वलुरक असं आहे, दान दिलेल्या गावाचं करजिक. आणि हा सगळा मुलूख ज्याच्यात येतो त्याचं नाव मामाल.

मावळ हे नाव कुठून आलं, असं इथे कुणालाही विचारा. सूर्य मावळतो ती दिशा, पश्चिमेचा मुलूख, म्हणून मावळ, असं उत्तर येतं. पुस्तकांतही तेच असतं. पण मराठीत शब्द कसे घडले त्याकडे पाहा. दोन स्वरांमधला म आपल्याकडे व झाला: ग्राम, गाम यांचं गाव झालं, नाम होतं त्याचं नाव. त्याच ओघात अनेक ठिकाणी ल चा ळ झाला: कोमल होतं त्याचं कोवळं, आमलक होतं त्याचा आवळा, श्यामल होता त्याचा सावळा. याच चाकोरीतून मामाल हे नाव सोडून द्या. ते थेट मावळ होऊन बाहेर येतं. कार्ल्याच्या लेखातला मामाल म्हणजेच मावळ असं अभ्यासक मानतात, ते उगाच नाही.

दामोदर कोसंबी हे मुळात गणिती. पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीनने जाणारे आणि सुट्टीच्या दिवशी याच डोंगरांतून पायी हिंडणारे. त्यांनी या नावाचा धागा पाणवठ्यावरच्या मावलाया नावाच्या मातृदेवतांशी जोडून पाहिला. या देवता नेहमी अनेकवचनात, नेहमी पाण्याजवळ, आणि त्यांना घडवलेली मूर्तीही बहुधा नसते. कोसंबींची रीत मला फार मोलाची वाटते. लेण्यातला प्राकृत लेख वाचायचा, मग डोंगर उतरून खालच्या वाडीत जायचं आणि शेंदूर फासलेल्या दगडाला लोक काय नावाने हाक मारतात ते ऐकायचं. त्यांच्या हिशेबी लेख आणि हाक हे दोन्ही सारख्याच योग्यतेचे पुरावे होते. मग सूर्यास्ताचं उत्तर चुकीचं ठरवून टाकून द्यायचं का? मी तसं करणार नाही. लोकांनी त्या नावाला आपल्या डोळ्यांपुढच्या आकाशाशी जोडलं, डोंगरापलीकडे बुडणाऱ्या सूर्याशी जोडलं. नाव कुठून आलं हा एक प्रश्न, आणि लोक त्या नावात काय पाहतात हा दुसरा. मानवशास्त्राला दोन्ही हवे असतात.

मावळातच पाले गावाजवळ एक लहानसं लेणं आहे. त्याच्या भिंतीवरचा ब्राह्मी लेख अर्हंतांना वंदन करून सुरू होतो आणि सांगतो की एका भदंताने, म्हणजे बौद्ध भिक्षूने, हे लेणं आणि ही पोढी करवून घेतली. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. हा शब्द आज गावकऱ्यांच्या तोंडी नाही, ते टाकंच म्हणतात. पण लेणं हा शब्द तसाच आहे. भाज्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी कणसं भाजणारी बाई "लेण्याकडं ह्या वाटंनं जा" असं सांगते, तेव्हा दगडात कोरलेला शब्द तिच्या तोंडी जिवंत असतो.

आणि एक गोष्ट. पश्चिम महाराष्ट्रातल्या लेण्यांतल्या लेखांत हा शब्द लेण असाही येतो आणि लेन असाही. तरी मावळातलं पोर शाळेत 'पानी', 'लोनी', 'कोन' म्हणतं तेव्हा त्याला हसतात. वेळेला 'येळ' म्हटलं, विस्तवाला 'इस्तू' म्हटलं की तो अडाणी ठरतो. कार्ल्याच्या एकवीरा देवीच्या यात्रेला चैत्रात मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावरून आगरी-कोळी येतात. ते डोळ्याला 'डोला' म्हणतात, त्यांनाही हसतात. बोआसने १८८९ साली एक छोटा निबंध लिहिला. अमेरिकेतले मूळ रहिवासी एकच शब्द कधी असा, कधी तसा उच्चारतात, अशी तेव्हाच्या विद्वानांची तक्रार होती, आणि त्यावरून ते लोक मागासलेले ठरवले जात. बोआसने स्वतःच्याच वह्या तपासल्या आणि दाखवून दिलं की चूक ऐकणाऱ्याच्या कानाची आहे. त्याच्या कानाला स्वतःच्या भाषेची सवय असते, आणि वेगळा ध्वनी आला की तो त्याला कधी या खणात टाकतो, कधी त्या. मावळातल्या पोराचा न हा ण चुकून झालेला नाही. त्याच्या घराच्या बोलीत तो तसाच आहे, नियमाने आहे. शाळेने त्याला प्रमाण मराठी जरूर शिकवावी. पण त्याच्या आईच्या बोलण्याला अशुद्ध म्हटलं, की ते पोर वर्गात तोंड उघडायचंच बंद करतं. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीवर असाच बारकाईने अभ्यास केला, इथलं नागरिकत्व घेतलं, आणि पुढे फलटणलाच मुलांची शाळा उभारली. बोलीचा अभ्यास करून कुणी शाळेकडे वळावं, यात मला फार स्वाभाविक ओढ दिसते.

गो. नी. दांडेकर तळेगावात राहिले आणि या खोऱ्यांतून आयुष्यभर चालले. 'पवनाकाठचा धोंडी' आणि 'माचीवरला बुधा' या कादंबऱ्यांत त्यांची माणसं मावळी बोलतात, आणि त्यांच्या बोलण्याला लेखक कुठेही हसत नाही.

लोणावळ्याच्या बाजारात उभं राहिलं की वेगळाच अभ्यास समोर येतो. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि हे गाव बघता बघता वाटेवरचं शहर झालं. करवंदांची पाटी घेऊन बसलेली ठाकराची बाई पुण्याच्या पाहुणीला "घ्या ना ताई, गोड हायेत" म्हणते, मुंबईच्या गाडीवाल्याला "ले लो भैया, मीठा है" म्हणते, आणि मागे खेळणाऱ्या लेकाला ओरडते ते तिच्या स्वतःच्या बोलीत. तीन वाक्यं, तीन भाषा, मधे श्वासही नाही. गिऱ्हाइकाचे कपडे, गाडीचा नंबर, पहिला शब्द यांवरून ती क्षणात ठरवते. ताई की मॅडम, भाऊ की भैया, यात तिचा अंदाज सहसा चुकत नाही. एवढं कसब असलेल्या बाईला आपण निरक्षर म्हणतो.

सांगलीजवळच्या कुपवाडला जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी जे पाहिलं ते १९७१ साली प्रसिद्ध झालं, आणि त्या गावाचं नाव जगभरच्या भाषाभ्यासाच्या पुस्तकांत गेलं. तिथे घराघरांत वेगवेगळ्या भाषा: जैनांच्या घरी कन्नड, मुसलमानांच्या घरी उर्दू, आणि चारचौघांत मराठी. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून या भाषांची वाक्यं इतकी एकसारखी झाली की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावं. तरीही शब्द वेगळेच राहिले, कारण घरचा शब्द ही घरची ओळख होती. लोणावळ्यात अजून तसं झालेलं नाही. तिथे उलट दिसतं. करवंदवालीची मुलं शाळेत गेली, हॉटेलात कामाला लागली, आणि तिची बोली ती आता फक्त आपल्या सासूशी बोलते.

भाताची खाचरं विकली जाऊन तिथे बंगले उठले, की राब, आवणी, इर्जिक हे शब्द कुणी मनाई न करताच निघून जातात. गावात पिठाची गिरणी आली, तेव्हा बायांच्या खांद्यांना विसावा मिळाला. त्या विसाव्याबद्दल कुणीही हळहळू नये. पहाटे तीनला उठून दळण्याच्या कष्टाचं कौतुक ज्याने दळलं नाही त्याने करू नये. पण त्या कष्टाच्या सोबत पहाटेची ती एकमेव मोकळी जागाही गेली, जिथे बाई बोलू शकत होती आणि तिला कुणी अडवत नव्हतं. आता जातं निघतं ते लग्नात, हळद दळायला. त्याला आंब्याची पानं बांधतात, सुवासिनी हात लावतात, आणि ज्या दोघी-तिघींना अजून येतात त्या हळदीच्या ओव्या म्हणतात. बाकीच्या फोनवर त्यांचं चित्रण करतात.

संग्रहातल्या ध्वनिमुद्रणांत ओवी सुरू व्हायच्या आधी काही क्षण नुसती घरघर असते. मग दगड लयीत येतो. एक बाई ओळ उचलते आणि दुसरी ती तिच्या हातातून घेते. मधेच फेरा जड होतो. तेव्हा कळतं की वरच्या तळीच्या तोंडात घास पडला. सूर तेवढ्यापुरता थांबतो, आणि दगड हलका झाला की पुढची ओळ येते.